गल्ली तीनमधून वर, आठमधून खाली

सकाळी साडेआठला मी माझा मोबाइल आमच्या गोडाऊनमध्ये माल काढणाऱ्या काकांच्या शर्टाच्या खिशात ठेवला. म्हटलं, "आज दिवसभर हा तुमच्यापाशीच राहू द्या."

"काहून?"

"तुमची पावलं मोजायची आहेत."

"पावलं मोजून पाय दुखाचे थांबते का पोरी?" असं म्हणत त्यांनी खिशाचं बटण लावलं आणि ट्रॉली ढकलत आत गेले.

२०२३ च्या मे महिन्यातला तो दिवस. बाहेर ऊन ४४ अंशांवर, आणि आमच्या गोडाऊनला वर पत्रे. संध्याकाळी मोबाइल परत घेतला तेव्हा आकडा १९ हजारांवर गेला होता. काकांचं पाऊल मी आधीच टेपनं मोजून ठेवलं होतं, सव्वादोन फूट. गुणाकार केला तर तेरा किलोमीटर झाले. साठीला आलेला माणूस पत्र्याखाली भरलेली ट्रॉली ढकलत एका दिवसात तेरा किलोमीटर चालला होता, आणि खरा हंगाम अजून लागायचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. ते चालणं किती कामाचं होतं आणि किती फुकटचं, हे मला कळलंच पाहिजे असं वाटत राहिलं.

आमचं गोडाऊन यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ आहे, शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कापूस वाहून न्यायला टाकली होती. आमची इमारतही मूळची जिनिंगचीच, आणि काका तरुणपणी तिथंच रेच्यावर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होते. जिन बंद झालं, मालकांनी जागा घेतली, लोखंडी रॅक उभे केले. आता तिथून दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी या तालुक्यांतल्या कृषी केंद्रांना बियाणं, औषधं आणि फवारणीचं साहित्य जातं. मी तिथं कॉम्प्युटरवर बसते. कृषी केंद्रवाले रात्री व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाकतात, सकाळी मी त्या सिस्टिममध्ये चढवते, यादी छापून निघते. काका आणि दोन पोरं त्या यादीवरून माल काढतात, मावशी टेबलावर लॉट नंबर तपासून पेटी बांधतात, आणि अकराच्या आत पहिला छोटा हत्ती सुटला पाहिजे असा नियम आहे.

या कामात वेळ कुठं जातो हे मी आधी घड्याळ लावून पाहिलं. चालणं, जागा शोधणं, माल काढणं, यादीवर खूण करणं असे चार भाग केले. या विषयावरच्या पुस्तकांत माल काढणाऱ्याचा साधारण निम्मा वेळ चालण्यात जातो असं दिलेलं असतं. आमच्याकडे निम्म्याहूनही जास्त जात होता. त्याचं कारण यादीतच होतं. यादी मालाच्या कोडप्रमाणे छापली जायची, आणि कोड दिला होता माल आमच्याकडे पहिल्यांदा आला त्या क्रमानं. २०१६ साली आलेलं तणनाशक यादीत वर, गेल्या वर्षी आलेलं बियाणं खाली. कोणती वस्तू कुठं ठेवली आहे याचा त्या क्रमाशी काही संबंध नव्हता.

एक खरी ऑर्डर सांगते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. आधी जागेचा नकाशा डोळ्यापुढे आणा. रॅकच्या मधून जाणाऱ्या आठ गल्ल्या, प्रत्येक ८० फूट लांब, एका गल्लीच्या मधोमधपासून दुसरीच्या मधोमधपर्यंत १३ फूट. पुढच्या टोकाला आडवी मोकळी पट्टी, तशीच मागच्या टोकाला. मावशीचं टेबल पहिल्या गल्लीच्या तोंडाशी. प्रत्येक गल्लीत चार-चार फुटांचे २० खण. ऑर्डर आर्णीकडची होती, सात वस्तूंची: पहिल्या गल्लीत तोंडापासून १० फुटांवर एक, तिसरीत १५ आणि ७० फुटांवर, चौथीत २० फुटांवर, सहावीत १२ आणि २५ फुटांवर, आणि आठवीत ६० फुटांवर.

यादीच्या क्रमानं गेलं तर आधी सहावी, मग परत पहिली, मग थेट आठवी, तिसरी, चौथी, पुन्हा सहावी, पुन्हा तिसरी आणि टेबल. मी फूट मोजून बेरीज केली: ६९४ फूट. सात वस्तूंसाठी. अशा ऑर्डरी दिवसाला पन्नास-साठ.

पहिला उपाय मला सोपा वाटला. आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक जागेला एक चालण्याचा क्रमांक देता येतो आणि यादी त्या क्रमांकानं लावता येते. ही सोय पहिल्या दिवसापासून होती, पण ते रकाने कुणी भरलेच नव्हते. मी नागमोडी क्रम दिला: पहिली गल्ली पुढून मागे, दुसरी मागून पुढे, तिसरी पुन्हा पुढून मागे. शेतात तास जसा जातो तसा. १६० खणांचे क्रमांक दोन दिवस बसून भरले.

पहिल्याच सकाळी यादी उलटीपालटी निघाली. खण १ नंतर १०, मग ११, मग पार १९ पर्यंत, आणि त्यानंतर खण २. कॉम्प्युटर खणाचा आकडा आकडा म्हणून वाचतच नव्हता, अक्षरं म्हणून वाचत होता. 'अ' नंतर 'अब' यावं तसं १ नंतर १०. सगळ्या जागांना ०१, ०२, ०३ असं दोन अंकी लिहिलं तेव्हा ते सुटलं. हे इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण लहान गोडाऊनमध्ये हे काम करणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवशी हेच भेटेल.

त्याच दिवसांत दुसरी गोष्ट उघडी पडली, ती जास्त जिव्हारी लागणारी होती. सिस्टिम म्हणायची की माल चौथ्या गल्लीत सातव्या खणात आहे, आणि तो निघायचा नवव्यात. घाईत माल उतरवताना जिथं मोकळं दिसेल तिथं ठेवला जायचा आणि त्याची नोंद कुणीच करायचं नाही. काका त्यांच्या आठवणीवर चालायचे, म्हणून ही चूक कधी कुणाला दिसली नव्हती. नवी पोरं मात्र खणापुढे उभी राहून शोधत बसायची. मग दोन रविवार आम्ही चौघांनी मिळून एकेक खण मोजला. मावशी नाव वाचायच्या, काका लॉट नंबर सांगायचे, मी लिहायचे. वाट कितीही चांगली काढा, वस्तू सांगितल्या जागी नसेल तर त्या वाटेचा काही उपयोग नाही. माझ्या मते या सगळ्या कामातले सर्वांत कामाचे दिवस ते दोन रविवारच होते.

आता नागमोडी यादी नीट निघू लागली. मी खुशीत ती आर्णीची ऑर्डर पुन्हा मोजली. ६२२ फूट. ६९४ वरून ६२२. एवढा खटाटोप करून ७२ फूट वाचले होते. मला रडूच आलं.

कारण नंतर समजलं. नागमोडी चाल तेव्हा फायद्याची असते, जेव्हा प्रत्येक गल्लीत बऱ्याच वस्तू काढायच्या असतात. आमच्या बहुतेक ऑर्डरी सहा ते दहा वस्तूंच्या, आणि त्या आठ गल्ल्यांत विखुरलेल्या. चौथ्या गल्लीत २० फुटांवरचा एक डबा घ्यायला पूर्ण ८० फूट चालायला लावणं हा त्या माणसावर अन्याय आहे. याहून तर प्रत्येक गल्लीत पुढून जाऊन पुढूनच परत आलेलं बरं. तसं मोजलं तर ५५२ फूट होतात.

मी टेबलावर कागद पसरून बसले होते. काका पाणी प्यायला आले आणि त्यांनी नकाशा पाहिला. मी विचारलं, "काका, ही ऑर्डर तुम्ही कशी काढाल?" त्यांनी बोटानं दाखवलं, "तिसरीतून वर जाईन. मांगून आठवीपरेंत. आठवीतून खाली. मंग येता येता सहावी, चवथी अन् पयली पाहून घेईन." एवढंच सांगून ते गेले. मी मोजलं: ४५२ फूट.

मी तीनदा मोजलं. यादीपेक्षा २४२ फूट कमी, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त बचत. काकांना यादी वाचता येत होती, पण तिचा क्रम ते पाळतच नव्हते. मग १९ हजार पावलं का झाली? हेही त्यांनाच विचारलं. "यादी लांब रायली का डोक्यात नाही रायत ना पोरी. आठ-नऊ वस्तू असल्या त पाहून घेतो. वीस असल्या त मंग जशी लिवली तसाच जातो." आणि दोन्ही पोरं तर कायमच लिहिल्याप्रमाणे जात होती.

ज्यांच्याकडून आम्ही ही सिस्टिम घेतली, त्यांच्याकडे नागपूरला एक तरुण अभियंता आहे. त्याला फोनवर मी हे सगळं सांगितलं. त्यानं फार मनापासून समजावलं. सात ठिकाणी जायचं तर जाण्याचे ५,०४० क्रम होतात, दहा ठिकाणी ३६ लाखांच्या वर, आणि पंधरा ठिकाणी एक लाख तीस हजार कोटींहून जास्त. सगळे तपासत बसणं शक्य नाही. फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न म्हणून गणितात हा प्रसिद्ध आहे, आणि सर्वसाधारणपणे तो फार अवघड मानला जातो. पण गोडाऊनला एक सवलत आहे: गल्लीतून मनाला येईल तसं आडवं जाता येत नाही, पुढच्या नाहीतर मागच्या टोकानंच बाहेर पडावं लागतं. त्यामुळे प्रत्येक गल्लीपुढे मोजकेच पर्याय उरतात. ती पूर्ण ओलांडायची, पुढून जाऊन परत यायचं, मागून जाऊन परत यायचं, किंवा दोन्हीकडून थोडं थोडं जाऊन मधली सर्वांत मोठी रिकामी जागा सोडून द्यायची. १९८३ साली डोनाल्ड रॅटलिफ आणि आर्नन रोझेन्थल यांनी दाखवून दिलं, की अशा आयताकृती गोडाऊनमध्ये डावीकडून उजवीकडे एकेक गल्ली घेत गेलं तर सर्वांत कमी अंतराची वाट नक्की सापडते, आणि त्यासाठीची आकडेमोड गल्ल्यांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते. आठ गल्ल्या म्हणजे आमच्या जुन्या कॉम्प्युटरलाही काही नाही.

त्यानं ते आमच्या सिस्टिममध्ये बसवून दिलं. मी पहिली तीच आर्णीची ऑर्डर टाकली. उत्तर आलं ४४२ फूट. तिसरीतून वर, मागून आठवीपर्यंत, आठवीत मागूनच २० फूट जाऊन परत, मग मागून सहावी, सहावीतून खाली, आणि येताना चौथी आणि पहिली. काकांच्या वाटेपेक्षा दहा फूट कमी.

मी ती यादी काकांना दिली. ते गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा परत आले. काही बोलले नाहीत, पण ट्रॉलीच्या पुढच्या चाकाला रॅकचा रंग लागला होता. मी विचारल्यावर म्हणाले, "तुया कॉम्प्युटरले गाडी वळवा लागत नाही. मले लागते." आठव्या गल्लीत मध्येच भरलेली ट्रॉली उलटी फिरवायला जागाच नाही. मागे खेचत आणावी लागते, आणि तेव्हा पाठीवर ताण येतो. त्यांची वाट आठवीतून सरळ खाली उतरत होती. दहा फूट जास्त होते, पण वळण एकही नव्हतं.

"मग सहावी, चौथीत कसे वळता?"

"तिथं गाडी नेतोच कोण? गाडी तोंडापाशी उभी करतो, आत हातानं जातो, दोन डबे घेऊन येतो."

हे एक वाक्य मला त्या सगळ्या गणितापेक्षा मोठं वाटलं. आम्ही माणूस आणि ट्रॉली एकच आहेत असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ट्रॉली पुढच्या पट्टीवर उभी राहते आणि माणूस रिकाम्या हातानं आत जातो. रिकाम्या हातानं चाललेले २५ फूट आणि भरलेली ट्रॉली ढकलत चाललेले २५ फूट सारखे नसतात. अभियंत्याला सांगितल्यावर त्यानं वळणाला दंड लावला. गल्लीच्या आत ट्रॉली फिरवायची असेल तर त्या वाटेत ४० फूट जास्तीचे धरायचे; हा आकडा आम्ही काकांना आणि पोरांना विचारून, करून पाहून ठरवला. हलकी वस्तू पुढच्या ३० फुटांत असेल तर ती हातानं आणायची, तिथं दंड नाही. त्यानंतर सिस्टिमनं आर्णीच्या ऑर्डरीला ४५२ ची वाट दिली. ती छापून निघाली तेव्हा मी धावत जाऊन काकांना दाखवली.

इमारतीच्या स्वतःच्या अडचणीही होत्याच. पाचव्या गल्लीच्या मागच्या टोकाला जिनच्या काळातला दगडी खांब आहे, तिथून माणूस जातो पण ट्रॉली जात नाही. नकाशात तो नव्हताच. सातवीत पावसाळ्यात पत्रा गळतो, म्हणून जून ते सप्टेंबर तिचा मागचा अर्धा भाग रिकामा ठेवतो. या गोष्टी गोडाऊनमध्ये उभं राहून पाहिल्याशिवाय नकाशात येत नाहीत.

मग बियाणं आणि औषध एका ट्रॉलीवर न्यायचं नाही, हा नियम. तो मी लावून धरला. तणनाशकाची बाटली गळून सोयाबीनच्या बॅगेवर सांडली तर ते बियाणं उगवेल का याची खात्री कोण देणार? सोयाबीनचं बी तसंही नाजूक, त्याचं टरफल पातळ असतं. बॅग उंचावरून आपटली तरी उगवणशक्ती कमी होते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते, आणि आमच्या हातून ती कमी झाली तर शेतकऱ्याला कारणही कळणार नाही. म्हणून बियाण्याची फेरी वेगळी, औषधांची वेगळी. यानं चालणं वाढतं. ते वाढू दिलं.

औषधांबद्दल आमच्या जिल्ह्यात कुणी हलगर्जी करू नये असं मला मनापासून वाटतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी, शेतमजूर गेले. तेव्हा मी शाळेत होते. आमच्या गावातही त्या वर्षी बाया आपल्या माणसांना फवारायला जाऊ देईनात. नव्या मांडणीत मी हातमोजे, मास्क आणि चष्मे औषधांच्या गल्लीच्या अगदी तोंडाशी ठेवले. लाल त्रिकोणाचं, म्हणजे सर्वांत विषारी गटातलं औषध यादीत असलं की खाली एक ओळ आपोआप छापून येते: ग्राहकाला सुरक्षा साहित्य विचारा. मग मी स्वतः कृषी केंद्रवाल्याला फोन करते. तोंडाशीच असल्यामुळे ते उचलायला पाच सेकंदही लागत नाहीत.

आता मांडणीबद्दल, कारण खरी बचत तिथून झाली. वाट कितीही चांगली काढली तरी रोज लागणारा माल ७० फूट आत असेल तर ७० फूट चालावंच लागतं. मी वर्षभराच्या ऑर्डरी काढल्या, कोणती वस्तू किती वेळा उचलली गेली ते मोजलं, आणि जास्त वेळा लागणारं दाराजवळ ठेवायचं ठरवलं. मालकांना कागद दाखवला, त्यांनी लगेच हो म्हटलं. काकांनी कागद पाहिला आणि मान हलवली.

"वर्साचं नोको पाहू. नक्षत्राचं पाह्य."

ते म्हणाले ते तंतोतंत खरं होतं. वर्षाच्या बेरजेत कपाशीचं बियाणं पहिल्या पाचांत येतं, पण ते सगळं रोहिणी आणि मृग या दोन नक्षत्रांत जातं. गुलाबी बोंडअळीला हंगामाआधी कपाशी मिळू नये म्हणून बियाणं विक्रीच्या तारखा कृषी विभाग ठरवून देतो. त्यामुळे ४७५ ग्रॅमची ती पाकिटं महिनाभर थोडी थोडी न जाता आठ-दहा दिवसांत सगळी सुटतात. आर्द्रा लागली की तणनाशक. पुष्य-आश्लेषात रसशोषक किडींची औषधं. कपाशीला पात्या-फुलं लागली की बोंडअळीचे कामगंध सापळे. हस्तात हरभऱ्याचं बियाणं पुढे यायला लागतं. मृगात जे दाराशी हवं, ते पुष्यात तिथं ठेवणं म्हणजे जागा अडवणं. काका बिनकॉम्प्युटरचे हे जाणत होते, पण त्यांच्या हातात रॅक नव्हते, जागा ठरवायचा अधिकार नव्हता.

मग आम्ही नक्षत्रांचं वेळापत्रक केलं. वर्षातून पाच वेळा पुढचे खण बदलायचे, नक्षत्र लागायच्या आधीच्या रविवारी. कोणता माल पुढे आणायचा ते आदल्या दोन वर्षांच्या त्याच पंधरवड्याच्या ऑर्डरींवरून मी काढते, आणि शेवटचा शब्द काकांचा. पाऊस लांबला तर रविवारही लांबतो. २०२३ च्या जूनमध्ये मान्सून विदर्भात फार उशिरा आला. मृग कोरडा गेला आणि बियाणं पुढच्या खणांतच पडून राहिलं. तेव्हा कॅलेंडर बघून तणनाशक पुढे आणलं असतं तर सगळंच चुकलं असतं. काका रोज संध्याकाळी दारात उभे राहून आभाळ बघायचे आणि सांगायचे, "आज नाही."

पहिल्या मांडणीत माझी एक चूक झाली. जास्त खपाचा सगळा माल मी पहिल्या दोन गल्ल्यांत भरला. अंतर कमी झालं, पण तीन ट्रॉल्या एकाच गल्लीत. एक पुढे काढतो तोवर दोघं थांबलेले. गर्दीच्या दिवशी ते थांबणं चालण्याहून जास्त वेळ खात होतं. मग तो माल आठही गल्ल्यांच्या पहिल्या चार-पाच खणांत वाटून दिला. काकांच्या पद्धतीशी हे नेमकं जुळलं: ट्रॉली पुढच्या पट्टीवर सरकवत न्यायची, प्रत्येक तोंडाशी थांबायचं, हातानं आत जाऊन आणायचं. नागमोडी चालीला पहिल्या दोन पूर्ण गल्ल्या भरणं बरं पडतं, आत-बाहेर करणाऱ्या चालीला सगळ्यांची तोंडं. चाल आणि मांडणी एकमेकींकडे पाहूनच ठरवावी लागते, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक हंगाम वाचला असता.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. एका फेरीत दोन-तीन छोट्या ऑर्डरी एकत्र काढायला आम्ही सुरुवात केली. ट्रॉलीवर तीन क्रेट, तीन दुकानं. चालणं एकदम कमी झालं. पण क्रेटचा नंबर मी फक्त यादीत छापला होता, क्रेटवर लिहिला नव्हता. २०२४ च्या आर्द्रात दिग्रसकडच्या दुकानाचा क्रेट आर्णीच्या गाडीत गेला. त्यात उगवणीपूर्वी फवारायचं तणनाशक होतं. पेरणी झाली की बी उगवायच्या आत, दोन दिवसांत ते फवारावं लागतं, आणि जमिनीत ओल असावी लागते. गाडी फिरून माल पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. ज्या शेतकऱ्यासाठी दुकानानं तो माल मागवला होता, त्याची फवारायची वेळ निघून गेली होती. त्यानं बाटली परत केली, आणि पुढे निंदणाला बाया लावल्या. माझे बाबा शेतकरी आहेत. निंदणाची मजुरी काय असते आणि त्या दिवसांत बाया मिळणं किती कठीण असतं, हे मला कुणी सांगायला नको. मी त्या दुकानदाराला फोन करून माफी मागितली, शेतकऱ्याचा नंबर घेतला, त्यांच्याशीही बोलले. ते म्हणाले, "होते तसं, बेटा." मला ते शब्द अजून टोचतात.

दुसऱ्या दिवशी क्रेटना रंग दिले. निळा, पिवळा, हिरवा, आणि यादीत प्रत्येक ओळीपुढे तोच रंग शब्दात. एका फेरीत एकाच गाडीच्या ऑर्डरी, वेगळ्या गाड्यांच्या कधीच नाही. त्यामुळे क्रेट चुकला तरी तो त्याच रस्त्यावर सापडतो. काही फेऱ्या वाढल्या. त्याचं मला काही वाटत नाही.

वीज गेली की राउटर बंद आणि स्कॅनर बंद, म्हणून यादी अजूनही कागदावर छापतोच. त्यात प्रत्येक ओळीला मोठ्या अक्षरात गल्ली आणि खण, आणि जिथं ट्रॉली उभी करायची तिथं एक ठळक आडवी रेघ. ही रेघ मावशींनी सुचवली. काकांना चष्म्याशिवाय ती लांबून दिसते.

२०२५ च्या मे महिन्यात, तितक्याच बिलांच्या दिवशी, मी पुन्हा मोबाइल काकांच्या खिशात ठेवला. संध्याकाळी ११ हजार पावलं. साडेसात किलोमीटर. पोरांची त्याहून कमी, कारण तीन क्रेटच्या फेऱ्या ते करतात. पहिली गाडी आता सव्वादहाला निघते. आणि दुपारी बारा ते तीन माल काढायचं काम आम्ही बंदच केलं, हे मालकांकडून कबूल करून घेतलं. सकाळी लवकर आणि चारनंतर, त्या वेळात सगळं उरकतं. मला सगळ्यांत जास्त आनंद याचा आहे. वाचलेल्या वेळात मालकांनी ऑर्डरी वाढवल्या असत्या तर काकांच्या पायांना काय मिळालं असतं?

सध्या एका नव्या कामात आहोत. काकांचं म्हणणं, की सगळ्या रॅकच्या मधोमध एक आडवी वाट पाडावी, म्हणजे ७० फूट आतल्या वस्तूसाठी पार मागच्या टोकापर्यंत जायला नको. मी आकडेमोड केली. दहावा आणि अकरावा खण काढला तर आठ फुटांची वाट मिळते, आणि साठवणुकीची दहावा हिस्सा जागा जाते. मधली वाट आली की आठ गल्ल्यांचं ते साधं गणितही बदलतं, पर्याय वाढतात. अभियंता त्यावर बसला आहे. मालक जागेमुळे विचारात आहेत. मी त्यांना गेल्या दोन हंगामांचे रिकामे खण मोजून दाखवले, तेव्हा ते म्हणाले की हरभऱ्याचं बियाणं गेलं की बघू.

काल संध्याकाळी गाड्या सुटल्यावर काकांनी पुढच्या मोकळ्या पट्टीवर खडूनं आठ फुटांच्या अंतरावर दोन रेघा मारल्या. एक ट्रॉली त्यांनी घेतली, एक मी. दोन्हीत सोयाबीनच्या बॅगा भरल्या आणि रेघांच्या आत समोरासमोरून नेल्या. मधोमध वीतभर जागा उरली. काकांनी खाली वाकून ती हातानं मोजली, आणि म्हणाले, "जमते."